खाजकुइलीची उद्धरणं

रीप्रिंट मागणारं कार्ड आता कुणी पाठवत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या टपालात अशी कार्डं रोजची होती. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर छापील विनंती, आणि मधल्या रिकाम्या ओळींत टाइप केलेलं किंवा घाईघाईनं लिहिलेलं लेखाचं नाव, नियतकालिकाचं नाव, साल. आपल्या या लेखाची एक प्रत मिळाली तर आभारी होईन, एवढाच मजकूर. खाली सही आणि प्रयोगशाळेचा शिक्का. पूर्व युरोपातून ती जास्त येत, कारण तिकडे डॉलर मोजून नियतकालिकं घेणं परवडत नसे आणि झेरॉक्सचं यंत्रही दुर्मीळ. मी अशाच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. प्राग, लाइपझिग, हवाना, साओ पावलो ही शहरं मला आधी तिकिटांवर भेटली, नकाशावर नंतर.

या कार्डांशी वागण्याची प्रत्येक डॉक्टरची तऱ्हा वेगळी. कुणी तिकिटं कापून शिपायाच्या मुलाला द्यायचे आणि कार्ड टोपलीत टाकायचे. कुणी उत्तराची तारीख कोपऱ्यात लिहून ठेवायचे. मेंदूविकारांचे एक प्राध्यापक ती रबरबँड लावून टेबलाच्या खणात ठेवत, आणि बाहेरगावचा पाहुणा आला की तो खण हमखास उघडा राहिलेला असे. नियतकालिकाकडून लेखकाला पंचवीस-पन्नास सुट्या छापील प्रती मिळायच्या. त्या पाठवायचा टपालखर्च पदरचा. प्रती संपल्या की लेख पोचला असं धरून चालायचं. आपल्या संशोधनाचा जगावर काय परिणाम झाला, याचं उत्तर त्या खणात मावायचं.

उद्धरणं मोजायची सोय तेव्हाही होती, पण ती श्रीमंत ग्रंथालयांपुरती. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात कल्पना मांडली होती: अमेरिकी वकील जसे जुन्या निकालाचा पुढच्या निकालांत कुठे उल्लेख झाला हे सूचीत पाहतात, तशी सूची शोधनिबंधांचीही हवी. साठच्या दशकात त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागली. जाडजूड खंड, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. आमच्याकडे ती येत नसे; आमचा भार ‘इंडेक्स मेडिकस’वर. तीत कोणत्या विषयावर कुणी काय लिहिलं ते कळे, पण त्या लिहिण्याचं पुढे काय झालं ते कळत नसे. एखाद्या प्राध्यापकाला बढतीच्या अर्जासाठी आपली उद्धरणं हवी असली, की मी पत्र घेऊन दुसऱ्या संस्थेच्या ग्रंथालयात जायचो, भिंग मागून घ्यायचो, आणि दुपार संपेपर्यंत चार-पाच ओळी वहीत उतरवून आणायचो. प्राध्यापक ती वही उघडून आधी कोणत्या देशातल्या माणसानं उल्लेख केलाय ते बघत. आकडा त्यानंतर.

मी मूळचा जव्हारचा. म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला; पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. मुकण्यांचं संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, तरी आमच्या लहानपणी म्हातारी माणसं ‘राजांच्या वेळी’ असंच बोलत. जव्हारहून मोखाड्याकडे, पुढे खोडाळ्याकडे, सूर्यमाळेकडे जाताना पावसाळा सरला की कुंपणांवर आणि करवंदीच्या जाळ्यांवर एक वेल चढलेली दिसते. जांभळट काळपट फुलांचे लोंबते घोस, मग सोनेरी-तपकिरी लव असलेल्या वाकड्या शेंगा. खाजकुइली. शाळेत ज्याच्याशी भांडण त्याच्या बाकावर ती लव सोडायची, हा थंडीतला ठरलेला उद्योग. अंगाला लागली की माणूस नाचायचा. पाण्यानं धुतलं तर आणखी पसरते, म्हणून राख चोळायची किंवा शेण फासायचं. पाड्यावरची पोरं आमच्यापेक्षा तरबेज होती. वाऱ्याची दिशा बघून शेंग तोडायची हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. त्याच शेंगेतलं बी दुधात शिजवून, साल काढून म्हाताऱ्यांना देतात, हेही पाड्यावरच ऐकलं. कवचबीज म्हणून वैद्यही ते देत. (कच्चं बी कुणी खाऊन पाहू नये, त्यानं उलट्या होतात आणि त्याहून वाईटही होतं.)

मुंबईच्या ग्रंथालयात मला ही वेल परत भेटली ती नियतकालिकांच्या बांधणीच्या वेळी. ‘न्यूरॉलॉजी इंडिया’चा १९७८ चा अंक. डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांचा निबंध होता: कंपवाताच्या रुग्णांवर खाजकुइलीच्या बियांचे उपचार. सहलेखकांत शेवटचं नाव डॉ. नोशीर वाडिया यांचं, म्हणजे मुंबईतल्या मेंदूविकारशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एकाचं. त्याच अंकात पुढे डॉ. रमा वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा छोटा निबंध, त्याच वनस्पतीचा प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर होणारा परिणाम तपासणारा. बाकावर सोडायची वेल आणि ‘न्यूरॉलॉजी इंडिया’! मी बांधणीवाल्याला तास दोन तास ताटकळत ठेवलं आणि दोन्ही निबंध उभ्या उभ्या वाचले.

निबंधाखाली संदर्भांची यादी होती, आणि माझा धंदाच याद्यांचा. त्या यादीवरून मागे मागे जात मी जे गोळा केलं ते असं. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं आणि इंग्लंडच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये छापलं. तेव्हा त्या पदार्थाचा मेंदूशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात नव्हतं. वीस वर्षं गेली. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं, ससे निपचित पडले; मग डोपा टोचलं आणि ते उठून हिंडू लागले. रिसर्पिन कुठून आलं? सर्पगंधेच्या मुळांतून. तीही आपल्या सह्याद्रीत वाढणारी. तिचा रक्तदाबावरचा उपयोग जगाला पटवला तो मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, १९४९ सालच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधल्या पन्नास रुग्णांच्या निबंधानं. पुढे व्हिएन्नाच्या होर्निकिएविच यांनी कंपवातानं गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटलेलं दाखवलं, आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोट्झियास यांनी मोठ्या मात्रेत डोपा देऊन रुग्ण चालते केले. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. एकाच रानात शेजारी शेजारी वाढणाऱ्या दोन वनस्पती. एकीनं मेंदूतलं डोपामिन रिकामं होतं, दुसरीच्या बियांतून ते भरून काढायचा माल मिळतो.

गंमत बियांवर संपत नाही. जी लव आम्ही बाकावर सोडायचो तिच्यात सेरोटोनिन असल्याचं १९५४ मध्येच ‘नेचर’मध्ये छापून आलं होतं. खाज मात्र मुख्यतः त्यानं सुटत नाही. १९५५ मध्ये शेली आणि आर्थर यांनी लवेतल्या एका प्रथिनाला म्युकुनेन असं नाव दिलं, आणि २००८ मध्ये बोस्टनच्या एथान लर्नर यांच्या गटानं ते त्वचेतल्या नेमक्या कोणत्या ग्राहकांना जागं करतं ते दाखवलं. हिस्टामिनशिवाय सुटणारी खाज चेतातंतूंमधून मेंदूकडे कशी जाते, हे शोधायला आज जगभरच्या प्रयोगशाळांत स्वयंसेवकांच्या हातावर खाजकुइलीची मोजकी कुसं टोचतात. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी हा प्रयोग पैसे न घेता केला होता.

आता ‘आता’कडे येतो. डॉ. अशोक आणि डॉ. रमा वैद्य यांची मुलगी म्हणजे डॉ. विदिता वैद्य, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मेंदूशास्त्रज्ञ. झेवियर्सला शिकल्या, येलला रोनाल्ड ड्यूमन यांच्याकडे डॉक्टरेट केली, आणि २००० साली मुंबईला परतून त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. त्यांचा विषय सेरोटोनिन आणि भावना: उंदरांच्या पिलांना जन्मानंतरच्या दिवसांत रोज काही तास आईपासून दूर ठेवलं तर त्यांच्या मेंदूत काय बदलतं, ते मोठेपणी कसं उरतं, नैराश्यावरची औषधं नेमकं काय करतात. २०१५ मध्ये भटनागर पुरस्कार, २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार. आईवडिलांच्या पिढीचा निबंध शोधायला बांधणीवाला थांबवावा लागायचा. लेकीचे सगळे निबंध माझ्या मोबाइलवर एका बोटात येतात, आणि प्रत्येकाखाली तो किती जणांनी उद्धृत केला तो आकडा. १९९७ चा त्यांचा एक निबंध आहे, सेरोटोनिनचा एक ग्राहक मेंदूतल्या वाढीच्या घटकावर कसा अंमल करतो त्याविषयीचा. अडीच दशकांनंतरही तो उद्धृत होतोच आहे. आकडे मी इथे देत नाही. अंक छापून तुमच्या हाती येईपर्यंत ते बदललेले असतील.

आणि सगळ्याचा मिळून एक आकडा: एच-इंडेक्स. कॅलिफोर्नियातल्या होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये सुचवलेला. तुमचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले असतील तर तुमचा एच वीस. त्याच्या आदल्याच वर्षी ‘गूगल स्कॉलर’ सुरू झालं होतं, त्यामुळे कल्पना आणि तिला लागणारं यंत्र पाठोपाठ आले. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बढतीचे अर्ज घेऊन येणारे तरुण डॉक्टर मला देश विचारत नसत. ‘सर, एच किती दाखवतंय?’ एवढंच. भिंग कपाटात गेलं ते गेलंच.

जुन्याचे गोडवे गाताना एक हिशेब मात्र सरळ ठेवला पाहिजे. तो काळ जव्हार-मोखाड्याच्या माणसासाठी चांगला नव्हता. आमच्या ग्रंथालयाच्या दारावर पहारेकरी होता आणि ओळखपत्राशिवाय आत सोडत नसत. सुट्टीत गावी गेलो की मास्तर विचारायचे, ‘तुझ्या लायब्ररीत काय काय आहे रे?’ मी सांगायचो, ते ऐकायचे. त्यांना ते कधी हाताळायला मिळालं नाही. एसटीनं कसारा किंवा ठाणं गाठायचं, लोकल पकडायची, आणि दारावरून परत फिरायचं, एवढ्यासाठी कोण येणार? ‘न्यूरॉलॉजी इंडिया’तला निबंधसुद्धा परदेशात किती कपाटांपर्यंत जात असेल? पुढे १९९७ मध्ये अमेरिकेनं ‘पबमेड’ सगळ्या जगाला फुकट खुलं केलं आणि खाजकुइलीचं लॅटिन नाव टाइप करणाऱ्या कुणालाही वैद्यांचा निबंध दिसू लागला. २००४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी आठ कंपवात-रुग्णांवर खाजकुइलीची भुकटी आणि कारखान्यातली गोळी यांची तुलना केली. भुकटीचा परिणाम लवकर सुरू होतो आणि जास्त टिकतो असं त्यांना दिसलं. २०१७ मध्ये इटालियन डॉक्टरांच्या एका गटानं बोलिव्हियात अठरा रुग्णांवर पुन्हा तपासणी केली, कारण तिथल्या गरिबाला रोजची गोळी परवडत नाही आणि वेल मात्र कुंपणावर वाढते. हे वाचताना मला बोलिव्हिया फार लांब वाटला नाही.

आज जव्हारच्या महाविद्यालयातली मुलगी हे सगळं बसस्टँडवर उभी राहून वाचू शकते. मोखाड्याच्या आतल्या पाड्यांत टेकडीवर चढून रेंज शोधावी लागते, आणि पुष्कळसे निबंध अजून पैशांच्या कुलपात आहेत; तरी पहारेकऱ्यापेक्षा हे बरं. दुसरी बाजू कुणापासून लपलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला गुणांची पद्धत लावली आणि गावोगाव संशोधनाचा सुकाळ झाला. पैसे घेऊन वाट्टेल ते छापणारी नियतकालिकं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. पुढे आयोगालाच मान्य नियतकालिकांची वेगळी यादी काढायची पाळी आली. एका निबंधाचे चार तुकडे करायचे, चारांत एकमेकांचे दाखले द्यायचे, की आकडा वाढतो. कार्डाच्या काळात ही लबाडी करायला निदान प्रागमध्ये ओळखीचा माणूस लागला असता.

पण आकड्याविषयी माझं खरं भांडण वेगळं आहे, आणि ते विंचवावरून आहे.

आमच्या आळीत एका मुलाला रात्री लाल विंचू चावला होता. मी तेव्हा नववी-दहावीत असेन. विंचू उतरवणारा आला, मंत्र झाला, पाला बांधला. पहिल्या तासात मुलगा बोलत होता. मग घाम सुटला, इतका की अंथरूण भिजलं, उलट्या, हातपाय गार. जीप मिळेपर्यंत उजाडत आलं होतं आणि तोपर्यंत तोंडातून फेस येत होता. तो गेला. लोक म्हणाले, मंत्र लागला नाही. डॉक्टरांकडे नेला असता तरी त्या काळी फार फरक पडला असता असं नाही. या दंशावर नेमकं काय करायचं हे पुस्तकांतही नव्हतं.

ते शोधलं जव्हारपासून दक्षिणेला, त्याच कोकणपट्टीत. जालना जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण येत आणि डोळ्यांदेखत फुप्फुसात पाणी भरून जात. बावस्कर खाटेशेजारी बसून राहिले, तासातासाला नोंदी केल्या. लाल विंचवाचं विष चेतातंतूंवरच्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं, मग स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं. धोक्याची आधीची लक्षणं कोणती, हा त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यावर चालते, हे १९८६ मध्ये, पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच. २०११ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देण्याची रीतसर चाचणी. या दांपत्याच्या नोंदींप्रमाणे प्राझोसिनच्या आधी तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्यूचा आकडा एक टक्क्याच्या आसपास आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

‘लॅन्सेट’मधल्या त्या निबंधांना किती उद्धरणं आहेत ते कुणीही पाहू शकतो. कर्करोगाच्या किंवा नैराश्याच्या निबंधांपुढे तो आकडा किरकोळ दिसेल, कारण लाल विंचू भारतीय उपखंडाबाहेर चावत नाही, आणि जिथे चावतो तिथले डॉक्टर निबंध लिहीत नाहीत, गोळी देतात. मोखाड्याच्या एखाद्या आरोग्य केंद्रात रात्री अकरा वाजता तरुण डॉक्टर घामानं निथळणाऱ्या पोराला प्राझोसिन देतो, पोरगं दुसऱ्या दिवशी भाकर खातं. हा त्या निबंधाचा परिणाम. कोणत्याही सूचीत तो चढत नाही. तेव्हाच्या खणातही चढला नसता.

दुसरं टोकही असंच निसटतं, जिथून निबंध येतो ते. वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात एका नव्या आनुवंशिक विकाराचं वर्णन केलं: चालताना तोल जातो, आणि डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होते, इतकी की नजर फिरवायच्या आधी रुग्ण मान फिरवतो. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तीन वेगवेगळ्या गटांना त्यामागचं जनुक सापडलं. क्यूबातल्या ओल्गिन प्रांतात या विकाराचे रुग्ण जगात सर्वांत दाट आहेत, त्यामुळे तिथल्या संशोधकांनाही मुंबईच्या या निबंधाकडे यावं लागतं. पण वाडियांनी निबंधाच्या शीर्षकातच कंसात लिहून ठेवलं होतं: नऊ कुटुंबं. मला ते फार आवडायचं. पन्नास वर्षांत उद्धृत होताना तो कंस बहुतेक वेळा गळतो. नाव राहतं, साल राहतं, कुटुंबं गळतात.

खाजकुइलीचंही तेच झालं. निबंधाच्या यादीवरून मागे गेलो की मद्रासच्या १९३७ पर्यंत पोचतो, फार तर कुणी चरक-सुश्रुतांचं नाव घेतं. त्यापलीकडे बी शिजवून साल काढायला सांगणारी पाड्यावरची म्हातारी यादीत बसत नाही. अशोक वैद्य यांनी पुढे आयुष्यभर ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’चा पुरस्कार केला, म्हणजे लोकांत रुळलेल्या उपचारापासून सुरुवात करून रुग्णालयाकडे आणि मग प्रयोगशाळेकडे जायचं. दिशा बरोबर. पण दाखला कुठून सुरू करायचा?

माझी भाची आपल्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. मोखाडा तालुक्यातल्या रानभाज्यांवर आणि औषधी वेलींवर तिचा निबंध चालू आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींनी नोंदवह्या केल्या आहेत, त्यांतल्या काही तिनं वाचल्या. बाकी सगळं पाड्यापाड्यांवर बसून लिहून घेतलं. ‘मामा, हे संदर्भात कसं टाकायचं?’ असं तिनं फोनवर विचारलं. आज पुष्कळ ठिकाणी चालणारी एक अमेरिकी संदर्भशैली घेतली तर ट्विटचा संदर्भ यादीत देता येतो, पण कुणी तोंडी सांगितलेली गोष्ट ‘खासगी संवाद’ ठरते. ती मजकुरात कंसात येते, शेवटच्या यादीत नाही. आणि जे यादीत नाही ते कुठलीही सूची मोजत नाही.

मग मीच शोधून काढलं. कॅनडात लोरिसिया मॅक्लाउड या ग्रंथपाल बाईंनी २०२१ मध्ये आदिवासी ज्येष्ठांच्या तोंडी ज्ञानाचा संदर्भ यादीत पूर्ण मानानं कसा द्यावा याचे नमुनेच प्रसिद्ध केले आहेत: माणसाचं नाव, जमात, गाव, विषय, तारीख. ग्रंथपालानं केलं याचा मला साहजिकच जास्त आनंद. भाचीला पाठवलं. तिनं तसं करून पाहिलं: कातकरी, वारली, ठाकर, कोकणा, महादेव कोळी अशा जमाती, त्यांच्या पाड्यांची नावं, आणि प्रत्येकाला आधी विचारून घेतलेली परवानगी. नियतकालिकाकडून उत्तर आलं की संदर्भयादी नियमात बसत नाही, ही नावं काढून टाकावीत.

‘काढू का, मामा? पेपर नाही छापला तर यंदाचे पॉइंट जातात.’

मी म्हटलं, काढू नकोस, दुसरीकडे पाठव. ती म्हणाली, दुसरीकडचे पॉइंट कमी आहेत. आम्ही बराच वेळ हिशेब करत बसलो. शेवटी तिनं तो दुसरीकडे पाठवला.